पात्राची शिदोरी : भूमिका-खेळांतील विसरलेल्या साहित्याचा विचार

टेबलाभोवती बसून खेळावयाच्या भूमिका-खेळांत एक प्रसंग वारंवार उद्भवतो. खेळाडूंची पात्रे एखाद्या पडक्या विहिरीच्या काठी येऊन पोचतात; विहिरीत उतरल्यावाचून कथा पुढे सरकणार नसते; आणि मग ध्यानात येते की, दोर कोणीच घेतलेला नाही. काटेकोरपणे बोलावयाचे तर, दोर घेतल्याची नोंद कोणत्याही पात्राच्या टिपणपत्रावर नाही. सूत्रधाराने येथे काय करावे? 'नोंद नाही, म्हणून दोर नाही' असा निर्णय द्यावा, की 'इतक्या लांबच्या वाटेस निघालेला माणूस दोराशिवाय निघेलच कसा' असे म्हणून दोर मान्य करावा? वरवर पाहता ही नियमपुस्तकातील किरकोळ बाब वाटते. परंतु पात्राजवळ काय आहे हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावयाचे, हा मूलतः कथनाचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो मराठीच्या अभ्यासकाला परका नाही. आपल्या भाषेत 'साहित्य' हा एकच शब्द वाङ्मयासही लागतो आणि सुताराच्या वा स्वयंपाकाच्या सामग्रीसही लागतो, याची येथे सहजच आठवण होते.

या खेळांचा परिचय नसलेल्या वाचकासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. खेळणाऱ्यांपैकी एक जण सूत्रधार होतो; वाट, हवामान, वस्ती आणि भेटणारी माणसे तो सांगतो. बाकीचे प्रत्येकी एकेका पात्राच्या वतीने बोलतात व कृती करतात. फलित अनिश्चित असेल तेथे फासे टाकतात. रंगमंच नाही, नेपथ्य नाही, संहिता नाही. जे बोलले गेले आणि सर्वांनी मान्य केले, तेवढेच घडले. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध झाला, तेथून या प्रकाराचा छापील इतिहास सुरू होतो. हा खेळ सैन्ये मांडून खेळावयाच्या युद्धखेळांतून निघाला, आणि रसदीचा हिशेब ठेवण्याची त्यांची सवय त्याच्या अंगी राहिली. दोर, मशाली, लोखंडी खुंट्या, दहा फुटी काठी अशी किंमतींसह यादी त्यात पहिल्यापासून आहे. याच खेळाच्या २०१४ च्या आवृत्तीत पन्नास फूट दोराचे वजन दहा पौंड व किंमत एक सुवर्णनाणे आहे. मशाल एक तास जळते. आणि खेळाडूने यादी करीत बसू नये म्हणून तयार गाठोडीही दिलेली आहेत. प्रवाशाच्या गाठोड्यात अंथरूण, जेवणाची भांडी, आग पेटविण्याचे साहित्य, दहा मशाली, दहा दिवसांचे अन्न, पाण्याची कातडी पिशवी आणि दोर हे सर्व एकदमच येते.

गाठोड्याची ही सोय हाच विसरण्यावरचा एक उपाय होता. पुढील खेळ याहून पुष्कळ दूर गेले. २०१२ च्या 'डंजन वर्ल्ड'मध्ये पात्र केवळ 'प्रवासाचे साहित्य' या नावाची एक वस्तू घेते. तिचे पाच वापर असतात. गरज पडली की एक वापर खर्ची घालून दोर किंवा खडू किंवा खुंटी बाहेर काढावयाची. २०१७ च्या 'ब्लेड्स इन द डार्क'मध्ये खेळाडूने मोहिमेपूर्वी फक्त ओझे किती, हलके, मध्यम की जड, एवढेच सांगावयाचे. त्या ओझ्यात नेमके काय होते ते प्रसंग येईल तसे ठरते. 'गमशू' पद्धतीच्या खेळांत 'पूर्वतयारी' हा पात्राचा गुणच मानला असून फासा अनुकूल पडला तर हवी ती वस्तू पात्राने आधीच बरोबर घेतलेली असते. तहान लागल्यावर विहीर खणण्यास आपल्याकडे मूर्खपणा म्हणतात. या खेळांनी त्यालाच नियमाचे स्वरूप दिले आहे, आणि तेही विचारपूर्वक.

विचारपूर्वक असे म्हणण्याचे कारण असे की, या नव्या पद्धतींनी एक महत्त्वाचा भेद ओळखला आहे. खेळाडूची स्मृती वेगळी आणि पात्राची स्मृती वेगळी. नळाचे पाणी पिणारा व बटण दाबून दिवा लावणारा पुण्या-मुंबईचा तरुण खेळाडू दोर विसरतो, याचा अर्थ त्याने रंगविलेला शंभर वर्षांपूर्वीचा वाटसरू दोर विसरला असा होत नाही. वाटसरूला दोर आठवावा लागत नव्हता. तो त्याच्या सवयीचा भाग होता. खेळाडूच्या अज्ञानाची शिक्षा पात्राला देणे हे एखाद्या नटाचा संवाद चुकला म्हणून नाटकातील राजाला बेअक्कल ठरविण्यासारखे आहे. येथपर्यंत नव्या खेळांचा पक्ष बळकट आहे, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र या भेदापुढे ते जात नाहीत. 'मूलभूत साहित्य' म्हणजे काय हे त्यांना आधीच ठाऊक असल्यासारखे दिसते. यादी असो, गाठोडे असो वा मोकळे ओझे असो, प्रत्येक ठिकाणी गृहीत असे की, साहित्य ही विकत घेऊन जवळ बाळगावयाची मालमत्ता आहे आणि जवळ असली की ती वापरता येते. ही गृहीतके आपल्या भूमीवर टिकतात काय, हे पाहण्यासाठी एक कल्पित डाव मांडू.

जळकोट हे बालाघाटाच्या पठारावरील, आज लातूर जिल्ह्यात असलेले तालुक्याचे गाव. काळ १९४८ पूर्वीचा, म्हणजे हैदराबाद संस्थानातील निजामी अमलाचा धरावा. मार्गशीर्षाच्या अखेरीस नांदेडकडील माळेगावी खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार भरतो, तमाशाचे फड उतरतात. जळकोटहून या यात्रेस चार पात्रे पायी निघाली आहेत : बैलजोडी विकावयास निघालेला एक शेतकरी, एक वडार, एक वाघ्या, आणि हलगी वाजविणारा एक मांग. थंडीचे दिवस आहेत. वाटेत पाणी लागणार आहे, रात्र होणार आहे. चारही खेळाडूंनी आपापल्या कागदावर पात्राचे नाव व स्वभाव लिहिला आहे. साहित्याचा रकाना कोराच आहे.

पहिला प्रश्न दोराचाच घेऊ. शेतकऱ्याजवळ दोर आहे काय? इंग्रजी यादीतील एका शब्दाला येथे चार-पाच शब्द उभे राहतात. बैलाला हाकण्याचा कासरा, बांधण्याचे दावे, ओझे आवळण्याचे चऱ्हाट, मोटेचा जाड नाडा आणि तिच्या सोंडेचा बारीक सोंदूर. बैल विकावयास निघालेल्या माणसाच्या हाती कासरा व दावे असणारच; ते कागदावर लिहिण्याची आवश्यकता नाही. पण नाडा तो घरी मोटेवर सोडून आला असणार, हेही तितकेच निश्चित. कासऱ्याने वडाराला दरडीवरून खाली सोडता येईल. आठ परस खोल आडातून पाणी मात्र काढता येणार नाही. म्हणजे 'दोर आहे की नाही' या प्रश्नाचे उत्तर यादीत नाही आणि सूत्रधाराच्या औदार्यातही नाही. ते पात्राच्या व्यवसायात आहे. तसेच वडाराची पहार व सुतकी, शेतकऱ्याच्या चंचीतील पान-तंबाखू आणि चकमक, घोंगडीची खोळ. व्यवसाय सांगितला की ही साधने आपोआप आली. ती नाकारणारा सूत्रधार काटेकोर नव्हे, अनभिज्ञ होय.

भाषेने येथे आणखी एक साहाय्य केले आहे. पाणी आडात आहे की बारवेत? बारवेला पायऱ्या असतात. तेथे दोराचे काम नाही, तांब्या पुरे. मराठवाड्यात जुन्या बारवा जागोजाग आहेत. सूत्रधाराने 'विहीर' एवढेच म्हटले तर खेळाडू दोरासाठी भांडत राहतील. 'बारव' म्हटले तर भांडणाचे कारणच उरत नाही. विसरलेल्या साहित्याचे पुष्कळसे तंटे हे वस्तूंचे नसून मोघम शब्दांचे असतात, असे म्हणावयास हरकत नाही.

आता वाघ्याकडे वळू. त्याच्या गाठोड्यात दहा दिवसांचे अन्न आहे काय? नाही, आणि असू नये. त्याच्याजवळ भंडाऱ्याची पिशवी आहे, दिमडी आहे आणि कोटंबा आहे. कोटंबा हे लाकडी पात्र. त्यात वारी मागावयाची आणि त्याची पूजाही करावयाची. खेळाडू कोटंबा लिहावयास विसरला तर सूत्रधाराने तो निःशंकपणे द्यावा, कारण कोटंब्याशिवाय वाघ्या हे पात्रच सिद्ध होत नाही. परंतु कोटंबा दिला म्हणजे भाकरी दिली असे नव्हे. कोटंब्यात भाकरी पडावयास कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागते. घरधनीण घालील किंवा पुढच्या दारी जा म्हणेल. यादीतील 'दहा दिवसांचे अन्न' ही मालमत्ता आहे. कोटंब्यातील भाकरी हा संबंध आहे. आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत साहित्याचा केवढा तरी भाग असा संबंधांतून येत असे. बलुतेदाराचे धान्य खळ्यावर मिळे. गोंधळ्याच्या दिवटीत तेल यजमान घाली. लोककथेलाही हे ठाऊक आहे : भोपळ्यात बसून रान ओलांडणाऱ्या म्हातारीने तो भोपळा घरून नेलेला नसतो, लेकीच्या घरून मिळविलेला असतो. निघताना ती रिकाम्या हातीच असते, आणि यात तिचा विसराळूपणा आहे असे कोणत्याही बालश्रोत्याला वाटत नाही.

म्हणून 'तुझ्याजवळ ते असणारच, पुढे चला' असे मोकळ्या मनाने म्हणणाऱ्या सूत्रधाराला येथे सावध केले पाहिजे. त्याच्या औदार्याने वाघ्याची भाकरी सुटते, पण वारीचा प्रसंग बुडतो. आणि त्या पात्राचे नाट्य तर त्या दारातच होते.

चौथे पात्र हलगीवाल्याचे. त्याच्या बाबतीत दोन्ही पद्धती निरुत्तर होतात, आणि प्रस्तुत लेखाचा मुख्य मुद्दाही हाच आहे. समजा, त्याच्याजवळ तांब्या आहे, आडाला पुरेल एवढा दोरही आहे, दोन्हींची कागदावर नीट नोंद आहे. तो आडाजवळ येतो. त्या काळी त्या गावात त्याला आडाला हात लावू दिला जाईल काय? साहित्य पूर्ण असूनही पाणी नाही, अशी ही स्थिती आहे. हा कल्पनेचा खेळ नव्हे. १९०१ साली बालवयातील भीमराव आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची मुले साताऱ्याहून निघून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली व बैलगाडीने गोरेगावी वडिलांकडे निघाली, त्या प्रवासाची हकीकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणांत लिहून ठेवली आहे. मुलांनी चांगले कपडे घातले होते. भाड्याला पैसे होते. खाण्याचे डबे भरलेले होते. जात कळताच गाडीवाला दुप्पट भाड्यावर कसाबसा तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. वाटेत पाणी कोठेही मिळाले नाही, आणि पाण्यावाचून घास उतरेना म्हणून अन्न भरपूर असताना ती मुले उपाशी निजली.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या हिशेबनिसाला दाखविले तर तो म्हणेल, या पात्रांचे साहित्य परिपूर्ण आहे. 'ब्लेड्स इन द डार्क'चा सूत्रधार म्हणेल, ओझ्यात जागा शिल्लक आहे, पाण्याची पिशवी असल्याचे आता सांगा. दोघेही त्या रात्रीपासून सारखेच दूर राहतात. पहिल्याला वाटते की वस्तू असली म्हणजे झाले; दुसऱ्याला वाटते की वस्तू नसली तर आणता येते. वस्तू आणि तिचा उपयोग यांच्या मध्ये एक समाज उभा असतो, ही गोष्ट दोन्ही हिशेबांत येत नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, तेथे कोणाच्याही जवळ भांड्याची उणीव नव्हती. ओंजळ पुरेशी होती. प्रश्न ती तळ्यात बुडविण्याच्या अधिकाराचा होता.

याच दृष्टीने आपल्या भटक्या-विमुक्त लेखकांची आत्मकथने पाहण्यासारखी आहेत. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लातूरकडील लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. गाढवाच्या पाठीवर सारा संसार चालविणाऱ्या कैकाड्याला 'प्रवासाचे गाठोडे' आणि 'घर' हे दोन वेगळे शब्द कशाला लागतील? आणि ज्याच्या जमातीलाच कायद्याने १९५२ पर्यंत गुन्हेगार मानले होते, त्याच्या हाती सापडलेली साधी वस्तूही संशयास कारण होऊ शकते. कोणाचे साहित्य मूलभूत आणि कोणाचे संशयास्पद, हे यादी लिहिणाऱ्याच्या जागेवरून ठरते. खेळांच्या नियमपुस्तकांतील यादी ही एका ठरावीक प्रवाशाची यादी आहे : ज्याच्याजवळ नाणी आहेत, ज्याला प्रत्येक दुकानदार माल विकतो आणि ज्याला कोणत्याही पाणवठ्यावर कोणी हटकत नाही अशा प्रवाशाची.

यावर एक आक्षेप येईल. खेळ हा खेळ आहे; चार मित्र रविवारी करमणुकीसाठी बसतात; त्यांच्यावर अशा इतिहासाचे ओझे का लादावे? आक्षेप अगदीच निराधार नाही. चोरांच्या नगरीतील एका रात्रीच्या साहसाला 'ब्लेड्स इन द डार्क'ची मोकळी पद्धत शोभते. तेथे पूर्वतयारीची चर्चा कंटाळवाणी होते व ती गाळणे हेच कौशल्य आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे एवढेच आहे की, डाव जळकोटच्या माळावर मांडावयाचा असेल, तर पाणी व भाकरी गाळून उरणारी कथा त्या माळाची राहत नाही. शिवाय येथे गांभीर्य म्हणजे रुक्षपणा नव्हे, याचा पुरावा आपल्याच रंगपरंपरेत आहे.

तमाशातील गवळण आठवावी. गौळणी मथुरेच्या बाजारास निघतात. डोक्यावर दह्यादुधाची मडकी असल्याचे सर्वांस ठाऊक असते. प्रत्यक्षात बहुधा मडके नसतेच. पदर सावरला, हात वर गेला, की मडके आले. रंगमंचाला एक फेरी घातली की मथुरेची वाट सरली. तेवढ्यात पेंद्या आडवा येतो, कृष्ण येतो, आणि त्या नसलेल्या मालावर दाण मागितले जाते, हुज्जत होते. पुढे सोंगाड्याची जीभ मोकळी असते. हवे ते साहित्य हाताशी नसले तर तो ती उणीव लपवीत नाही, तिच्यावरच विनोद करतो आणि प्रेक्षक अधिकच खूष होतात. येथे साहित्य विसरले असे कोणी म्हणत नाही, आणि ते मुकाट्याने मान्यही करीत नाही. नसलेले मडके सर्वांदेखत अस्तित्वात आणले जाते व आणताक्षणीच त्याच्यावर कर बसतो, ते हिसकले जाते, फुटते. जमाखर्च न ठेवताही वस्तूला परिणाम कसे चिकटवावेत, हे तमासगिरांना या खेळांच्या फार पूर्वीपासून साधलेले आहे. शहरी रंगभूमीने ही युक्ती उचलली तेव्हा तिचे कौतुक झाले. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मधील माणसांचा पडदा सर्वांच्या बोलण्यात आला. गवळणीतील मडक्याविषयी तेवढे लिहिले गेल्याचे दिसत नाही.

टेबलावर हे असे उतरविता येईल. वडाराचा खेळाडू म्हणतो, 'माझ्याजवळ पहार आहे.' सूत्रधाराने म्हणावे, 'आहे. खांद्यावर घेऊन चार कोस चाललास. खांदा सोलला आहे.' वाघ्याचा खेळाडू म्हणतो, 'भाकरी?' सूत्रधाराने एक दार दाखवावे आणि दारातल्या बाईचे बोलणे स्वतः बोलावे. हलगीवाल्याचा खेळाडू आडाजवळ तांब्या काढतो, तेव्हा सूत्रधाराने फासे हाती घेऊ नयेत. उरलेल्या तीन खेळाडूंकडे पाहावे. शेतकरी आपल्या हाताने पाणी काढून वरून ओतील काय? वाघ्या काय म्हणेल? ओतलेले पाणी हलगीवाला ओंजळीत घेईल की पुढच्या ओढ्यापर्यंत तहानलेला चालेल? या ठिकाणी 'विसरलेले साहित्य' हा विषय संपून पात्रांचे परस्परसंबंध हा विषय सुरू होतो. एक दक्षता मात्र घ्यावी : टेबलाशी बसलेल्यांपैकी कोणाच्या घरात ही आठवण जिवंत असेल, तर असा प्रसंग त्याला विचारल्याखेरीज मांडू नये.

दिवटीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे, आणि त्याचे एकच उत्तर देता येईल असे वाटत नाही. समजा, वाघ्याऐवजी गोंधळी बरोबर आहे आणि वाटेत अंधाऱ्या लेण्यात शिरावयाचे आहे. मशाल कोणी आणलेली नाही. गोंधळ्याजवळ दिवटी आहे, बुधलीत थोडे तेल आहे. यादीच्या दृष्टीने दिवटी ही मशालच. गोंधळ्याच्या दृष्टीने ती देवीची आहे आणि तेल यजमानाच्या नवसाचे आहे. ती पेटवावी किंवा पेटवू नये, हे सूत्रधाराने ठरवू नये, इतरांनी मताधिक्यानेही ठरवू नये. ते त्या पात्राच्या खेळाडूनेच ठरवावे, आणि पेटविल्यास ते तेल कोणाच्या गोंधळाला कमी पडले हे पुढे केव्हा तरी कथेत यावे.

या पद्धतीची अडचण उघड आहे. सूत्रधाराला माळ, आड, बारव, मोट आणि माणसे यांची माहिती हवी. विजेचे पंप आले तशी मोट गेली, आणि नाडा व सोंदूर हे शब्द आता वृद्धांच्या बोलण्यातच उरले आहेत. लातूर व नांदेडकडील महाविद्यालयांत बोलीचे शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रत्येक वस्तूच्या नावाबरोबर आणखी तीन गोष्टी टिपाव्यात : ती कोणाकडून मिळे, कोणाच्या हाती शोभे, आणि कोणाला वापरू दिली जात नसे.